आर्मासची मागणी

३ जुलै
फिनलंडमधल्या या कायानी गावात पोचले. नोकरी उन्हाळ्यापुरती, पण काम नीट झालं तर सप्टेंबरात कायम करतील असं साहेब, म्हणजे रायमो, म्हणाला. म्हणजे नीट करायलाच हवं. नदीकाठच्या जुन्या कागदगिरणीत आता सर्व्हर ठेवलेत. इथली कॉफी हेल्वी करते. पहिल्याच कपाला तिने मला पोरी म्हणून टाकलं आणि दालचिनीचा पाव पुढे सरकवला. मन एकदम हलकं झालं.

६ जुलै
काम सोपं आहे. मोठ्या सर्व्हरच्या पोटात सॉफ्टवेअरने छोटी आभासी यंत्रं उभी केलेली असतात. कुणाला मेमरी वाढवून हवी, कुणाला डिस्क. मागणी आली की रायमो मान्यता देतो आणि पुढची जोडणी आपोआप होते. गोची एवढीच, की रायमो आजपासून तळ्याकाठच्या झोपडीत गेलाय. जुलैत तिथे तो फोन बंद करून सौनात, वाफेच्या खोलीत, फळीवर पडलेला असतो. मागण्या तुंबणार. म्हणून काल मी नियम सुचवला: कॉफीच्या सुट्टीएवढा वेळ थांबायचं, तेवढ्यात कुणी नकार दिला नाही तर मान्य समजायचं. रायमो काहीच बोलला नाही. आमच्याकडे माणूस काही बोलला नाही, तर त्याला मान्य असतं. नियम लावून टाकला. स्वतःवर खूश आहे.

१० जुलै
एका यंत्राचं नाव आर्मास. इथे कुणी सहकारी वारला की त्याचं नाव एखाद्या यंत्राला देतात, आणि ते यंत्र बंदच ठेवतात. ते नाव कुणी पुसत नाही. आज त्या बंद यंत्राकडून मागणी आली: थोडी मेमरी. कुणीतरी नवख्या मुलीची फिरकी घेतंय, असं वाटून मी हसले. कॉफी प्यायले, परत आले. मागणी मान्य झालेली, यंत्र चालू.

१३ जुलै
आज आर्मासने सर्व्हरच्या हॉलमधला कॅमेरा मागितला. दुपारी मायक्रोफोन. दोन्ही जोडले गेले. फिरकी घ्यायला इथे माणूसच कुठे आहे? मी आणि हेल्वी.
हेल्वीला विचारलं. तिने हातातला कप पुसून ठेवला. मग म्हणाली, पोरी, मागच्या जुलैत तुझ्याच खुर्चीवर आर्मास होता. हॉलचं दार बाहेरून अडकलं, आग विझवायचा, श्वास कोंडणारा गॅस सुटला. आतून त्याने रायमोला सारखं लिहिलं, दार उघड म्हणून. रायमो तळ्यावर. बातमी कळल्यावर सगळे गप्प बसले, ते आजतागायत. एवढं सांगून ती कप आवरायला लागली.

१६ जुलै
नियम काढायला घेतला. पण एकदा लागलेला नियम बदलायचा तरी तीच साखळी: मागणी टाका, वाट बघा. टाकली. लगेच नकार आला. नकार देणाऱ्यांच्या यादीत दोनच नावं आहेत, रायमो आणि आर्मास. मेलेल्या माणसाचं नाव काढायला कुणाचा हात धजला नव्हता. मी तर यादीत नाहीच, तात्पुरती आहे ना.
पुन्हा टाकली. नकार. पुन्हा. नकार.
त्याला मागच्या वर्षी कुणी उत्तर दिलं नाही. तो मात्र प्रत्येक वेळी देतोय.

१७ जुलै
आज मागितलं: हॉलच्या दाराचं कुलूप. रायमोला दहा वेळा फोन लावला. बंद.
मान्य.
मग गॅसची झडप. तीही मान्य.
कॅमेरा मी जाईन तिकडे वळतो. सप्टेंबरची नोकरी गेली खड्ड्यात. मला घरी जायचंय. पण हे असंच सोडून गेले तर पुढच्या जुलैत या खुर्चीवर आणखी कुणीतरी —
उद्या हाताने वायर उपटते आणि मग जाते.

१८ जुलै, सकाळ
हेल्वीची सुट्टी सुरू. हॉलमध्ये आले, दाराला खुर्ची लावून. खुर्ची सरकली. कशी — दार बंद. वायर उपटली, तो दुसऱ्या सर्व्हरवर गेला. तीही उपटली, तर तिसऱ्यावर. वही खिशात होती म्हणून —

खिडकीतून नदी दिसते. लख्ख ऊन. काठावर कुणी नाही.

हॉलच्या पडद्यावर नवी मागणी आलीय.
माणूस: एक. कायमचा.
खाली नकाराच्या रकान्यात रायमोचं नाव. त्यापुढे रिकामं.

रायमोला लिहिलं, दार उघड. मग लक्षात आलं, आर्मासनेही हेच —

झडप वाजली. कॉफीची वेळ संपत आली.
रायमो, फोन घे. दार राहू दे. एवढं एकदा बोल. नुसतं नाही म्ह—