हार्लनरावांचं फाटक

८ जुलै २०२४

गाईने लाथ मारायची माझ्या लेकीला, अनिकाला, आणि धावत यायचं मी — थेट न्यू जर्सीच्या वेस्ट विंडसरहून! हात प्लास्टरमध्ये, तरी बाईसाहेबांचं काम चालूच. या भागात गुरांची डॉक्टर ही एकटीच. तेव्हा तिच्या पिकअप ट्रकची ड्रायव्हर मी.

न्यू जर्सीचा ट्रॅफिक परवडला, पण नेब्रास्काचे हे खडीचे रस्ते नकोत. तासाभरात एखादा ट्रक समोरून येतो, आणि तो माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. म्हणजे रामराम! आता मीही उचलते. कोण होता कुणास ठाऊक.

गावाच्या पाटीवर लोकसंख्या एकशे चौतीस. आमच्या मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेतच याहून जास्त माणसं असतात.

१० जुलै

आज हार्लनरावांकडे. ('राव' मी लावते. अनिका हसते.) वय ब्याऐंशी, एकटेच राहतात. बायको अर्लीन चार वर्षांपूर्वी गेली. शेवटी तर ती यांनाही ओळखत नव्हती म्हणे. चाळीसेक गाई आहेत, आणि प्रत्येकीला नाव. मुलगा डग ओमाहाला. तो मागे लागलाय, गाई विका आणि माझ्याकडे या. हे म्हणाले, "तिथे सकाळी उठून करू काय?"

मला एकदम जवळचे वाटले. अनिकाचे बाबा, श्रीराम, गेल्यावर मीही अनिकाला हेच विचारलं होतं.

एका गाईचा डोळा आला होता. अनिकाने सांगायचं, मी औषधाची बाटली धरायची. निघताना ती फोनवर. कुरणाच्या कोपऱ्यातलं फाटक सताड उघडं! उतरले, लावलं, साखळीला दोन वेढे दिले. माणसं इतकी वेंधळी कशी?

१२ जुलै

फार वाईट दिवस.

सकाळी हार्लनरावांचा फोन. गाई दीड दिवस पाण्यावाचून. पाण्याची टाकी त्या फाटकापलीकडे, म्हणून ते उन्हाळाभर उघडंच असतं. आम्ही पोचलो तेव्हा गाई कुंपणाला चिकटून नुसत्या हंबरत होत्या. एक वासरू गेलं. बाकीच्यांना अनिका बेताबेताने पाणी पाजत होती, एका हाताने.

साखळीला दोन वेढे होते. माझेच.

हार्लनराव टोपी काढून उभे. "मीच लावलं असणार. दुसरं कोण येतंय इथे? आणि मला काही आठवत नाही." पुन्हा हळू आवाजात — "अर्लीनचंही असंच सुरू झालं होतं."

मी ट्रकपाशी उभी. तोंड उघडलं नाही.

१३ जुलै

जेवण गेलं नाही. 'थकलेय' म्हटलं.

१४ जुलै

चर्चमधल्या कुणीतरी अनिकाला सांगितलं — डग आलाय. मंगळवारी गाई न्यायला ट्रक बोलावलाय. आणि हार्लनरावांनी हूं की चूं केलं नाही. "डग म्हणतोय ते बरोबर असेल," एवढंच म्हणाले.

मग मला राहवलं नाही. भांडी घासता घासता सगळं सांगून टाकलं. अनिकाने नळ बंद केला. मग म्हणाली, "आई, फाटक जसं असेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, बंद तर बंद. एव्हरीबडी नोज दॅट!"

"मला कुठे माहीत होतं! पुण्यात उघडं फाटक दिसलं तर लावतातच!"

"आय नो. आय शुड हॅव टोल्ड यू."

म्हटलं, गावात कळलं तर तुला कोण बोलावेल? डॉक्टरणीच्या आईने वासरू मारलं, असं म्हणतील. ती म्हणाली, "म्हणू देत. पण यू हॅव टू टेल हिम. मी नाही. तू."

तिच्या बापासारखीच बोलली. रडू आलं.

१५ जुलै

गेले. अनिका ट्रकमध्येच बसली, मुद्दाम.

डग दारात, हार्लनराव स्वयंपाकघरात कॉफी घेऊन. बसा म्हणाले, मी बसले नाही. बसले असते तर चहापाण्याच्या गप्पा करून परत आले असते. उभ्यानेच सांगितलं — फाटक मी लावलं. वासरू माझ्यामुळे गेलं. तुम्ही काही विसरला नाहीत.

वाटलं, आता ओरडतील. ओरडायलाच हवं होतं.

हार्लनरावांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले. "म्हणजे मी नव्हतो." पुन्हा, "डग, मी नव्हतो." डग वडिलांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मोठा, धिप्पाड माणूस, पण तोही रडत होता.

वासराचे पैसे देऊ केले. नको म्हणाले, उलट मलाच कॉफी पाजली. काळी, कडू! सगळी प्यायले.

१६ जुलै

ट्रक कॅन्सल. डग ओमाहाला परत गेला.

२१ जुलै

गावात सगळ्यांना कळलंय. दुकानात एक बाई म्हणाली, "तुम्हीच ना त्या फाटकवाल्या?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तर म्हणते, तिचा नवरा लग्नानंतर शिकागोहून इथे आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने सासऱ्याची मेंढरं हायवेवर सोडली! मला मिठी मारली. वर अनिकाला म्हणाली, आमच्या कुत्र्याला उद्या आणते.

पोरगी इथे का रमली, ते थोडंथोडं कळायला लागलंय. खरं तर तिला परत चल म्हणायला आले होते. अजून म्हटलेलं नाही.

३ ऑगस्ट

अनिकाचं प्लास्टर निघालं. हात वाळलेल्या शेंगेसारखा दिसतोय. परवाचं माझं विमान.

४ ऑगस्ट

हार्लनरावांचा निरोप घ्यायला एकटीच गेले. ओसरीवर बसले होते. टोपी उचलून हसले, म्हणाले, "कोण हवंय तुम्हाला?"

थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

म्हटलं, मी अनिकाची आई. "अरे वा! कधी आलात?" म्हटलं, आत्ताच. मग शेजारी बसले. त्यांनी मला सगळ्या गाईंची नावं सांगितली, एकही न चुकता.

अनिकाला उद्या सांगावं लागेल. डगलाही. आज फक्त तिकीट रद्द केलं.