आवाज : नाही

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. खटपट्या,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. मेसेज टाकला की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक आहे. बाबाही ठीक आहेत. दुकान चालू आहे, खिळे-स्क्रू काय, लोकांना लागतातच.

वजनकाट्याला जोडलेला आपला जुना कॉम्प्युटर अखेर गेला. नवा आणला, त्यावर लिनक्स घातलं, पण तुझा वजन बोलून दाखवणारा प्रोग्राम काही चालेना. दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, तो जुन्या मशीनसाठी बांधलेला आहे. तसलाच तयार मिळतो, तो टाकतो." टाकला. काट्यावर खिळे ठेवले, तर विमानतळावर बोलतात तशी कुणी बाई बोलली. बाबा म्हणाले, "ही कोण? काढ तिला."

मग इंटरनेटवर तू ठेवलेला सोर्स कोड शोधला, म्हटलं त्यातून तुझा प्रोग्राम मीच नव्याने बांधते. उतरवला, उलगडला, तुझी सूचनांची फाइल उघडली. 'कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, झालं.' तीन हुकूम दिले की झालं म्हणे! तुझं काय जातं लिहायला? प्रोग्रामला लागणारी ही लायब्ररी नाही म्हणून अडलं, ती घातली तर दुसरी मागायला लागलं. तू जेवायला बसल्यावर आधी मीठ, मग पाणी, मग लिंबू मागायचास, अगदी तसं. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मी नाही टेकले.

शेवटी मेक पार पडलं. स्क्रीनभर ओळी धावल्या, एकही चूक नाही. मी आनंदाने ओरडलेच. बाबा काट्यासमोर खुर्ची ओढून बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि मूठभर स्क्रू ठेवले. स्क्रीनवर आकडा आला. आवाज नाही. पुन्हा ठेवले. नाहीच.

"असू दे," बाबा म्हणाले. "त्यालाच बोलायचं नसेल."

मला इतकं रडू आलं म्हणून सांगू! आणि तुझा रागही आला.

घोळ वेगळाच होता. कॉन्फिगर सगळं तपासून शेवटी काय सापडलं, काय नाही ते दाखवतं. मी ते न वाचताच पुढे गेले. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, 'आवाज : नाही'. आवाजाची लायब्ररी कॉम्प्युटरवर होती, पण प्रोग्राम बांधायला तिच्या आणखी काही फाइली लागतात, त्या नव्हत्या. मग हा पठ्ठ्या कुरकुर न करता मुकाच तयार झाला. जिथे अडायला हवं तिथे अडला नाही, असं कुणी लिहितं का रे?

त्या फाइली घातल्या, आधीचं पुसलं, पुन्हा बांधलं. बाबांनी स्क्रू ठेवले आणि तू बोललास. "पाव किलो." कॉलेजातला तुझा तो सर्दी झालेला आवाज! बाबांनी स्क्रू उचलले, परत ठेवले. "पाव किलो." समोर गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

वर खोटं लिहिलंय मी. बाबा ठीक नाहीत. तू होतास तेव्हा निदान अंधूक दिसायचं, आता दोन्ही डोळे गेले. शटरचं कुलूपही चाचपडत लावतात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती मला. "दया म्हणून त्याचा फोन नको," म्हणाले. तू दुकान नको म्हणालास तेव्हा, मग घरीही येऊ नकोस, असं रागाच्या भरात बोलून गेले, ते त्यांना अजून खातंय. आणि तू ते धरून बसलास. मला तुझी फार आठवण येते रे, पण माझं राहू दे.

काल दुपारी दुकानात कुणी नव्हतं. बाबा काट्यावर एकेक वस्तू ठेवत होते. हातोडी, साखळी, बिजागऱ्या. विकायचं काहीच नव्हतं. माझी चाहूल लागली तसं विचारलं, "अगं, हा वजनाशिवाय दुसरं काही बोलत नाही का?"

मी 'नाही' म्हटलं. प्रोग्रामबद्दल म्हटलं. तुझ्याबद्दल काय सांगू, ते तूच ठरव.

दुकानाचा नंबर तोच आहे. रिंग वाजली की बाबाच उचलतात.

तुझी,
ताई