अकरा नंबरची बाटली

आई, बाटली तू माझ्या हातातून काढून घेतलीस, बूच उघडलंस आणि नाकाशी धरलीस. एकदा हुंगलीस, मग डोळे मिटून पुन्हा एकदा. मी पाण्याचं फुलपात्र घेऊन उभी आहे. तुझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये, लोडावर ठेवलेला. "कशाचें आहे हें?" तू विचारतेस. आवाज घोगरा, त्या वर्षी तो इतका जड झाला होता की दारावरचा भाजीवाला तुला आतून ओ देताना ऐकून "साहेब" म्हणाला होता आणि तू दिवसभर बोलली नव्हतीस. मी म्हटलं, "मिठाचं. समुद्राच्या मिठातलं काहीतरी असतं म्हणे." "मीठ खारट असतें. ह्यास वास गोड येतो." "वरून साखर लावलीय." "बरें. तुला सर्व ठाऊक आहे की," असं म्हणून तू गोळी जिभेवर ठेवलीस आणि माझ्यावरची नजर न काढता पाणी प्यायलीस. मी तेरा वर्षांची होते. या गोळ्या मेंढ्याच्या गळ्यातल्या ग्रंथीपासून करतात हे मला आदल्या दुपारीच कळलं होतं.

हे सगळं पायामुळे सुरू झालं. मागच्या अंगणात कपडे धुवायच्या दगडापाशी भरलेल्या घागरीसकट तू घसरलीस आणि नडगीचं हाड मोडलं. एवढं मोडलेलं दोन-तीन महिन्यांत जुळतं, असं सगळे सांगत होते. पाच महिने झाले तरी एक्स-रेमध्ये फट तशीच दिसत होती. अप्पांना वाटायचं तू मनावर घेत नाहीस. "उठायची इच्छा पाहिजे माणसाला," ते कचेरीतून आल्यावर चप्पल काढता काढता म्हणायचे, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात. तू थंडी वाजते म्हणून वैशाखात शाल पांघरून बसायचीस, बोलता बोलता झोपायचीस, तोंड सुजल्यासारखं दिसायचं, आणि घरात सगळ्यांनी त्याला आळस असं नाव देऊन टाकलं होतं. मीसुद्धा. तुझी काळजी एकच होती. अष्टमीच्या उत्सवात विठ्ठलाचा नैवेद्य लग्न झाल्यापासून तू करत आलीस, तो यंदा चुलीपाशी उभं राहून करता आला पाहिजे. "काठी टेकून कोणी मडींत स्वयंपाक केला आहे काय?" तू म्हणायचीस. मडीचं, म्हणजे सोवळ्याचं, लुगडं तू उंच दांडीवर काठीनेच वाळत घालायचीस. त्याला कुणाचं बोट लागलं तर पुन्हा धुवायचीस. घरात कांदासुद्धा येत नव्हता.

मद्रासला शिकून तमिळ मुलखातल्या आमच्या गावात आलेल्या डॉक्टरांनी तुझा पाय बघायच्या आधी तुझा गळा बघितला. दोन बोटं कंठावर ठेवून "गिळा," म्हणाले. बाहेर व्हरांड्यात त्यांनी अप्पांना समजावलं: गळ्यातली ग्रंथी मंद झाली आहे, शरीराचं सगळं काम त्यामुळे सावकाश चालतं, हाड जुळणंही. अशा दहा-बारा रोग्यांची ते पाहणी करत होते. प्रत्येकाला नंबर लावलेली बाटली. काही बाटल्यांत ग्रंथीचं औषध, काहींत दिसायला तशीच, पण रिकामी गोळी. कुठल्या नंबरात काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. यादी मद्रासच्या एका सहकाऱ्याकडे बंद पाकिटात होती. दोन महिन्यांनी पाकीट उघडायचं. "आजार सौम्य आहे, दोन महिन्यांनी बिघडणार नाही काही," डॉक्टर म्हणाले. तोवर जुळलं नाहीच तर मद्रासला हाड उघडून बघावं लागेल, आणि मग काठी कायमची. अप्पांनी सही केली. तू आत खाटेवर होतीस, तुला कुणी विचारलं नाही. मला एक थर्मामीटर आणि एक निळ्या पुठ्ठ्याची वही मिळाली. रोज सकाळी तू अंथरुणातून हलायच्या आधी तापमान घ्यायचं, नाडी मोजायची, गोळी द्यायची, लिहायचं, तापमानाची रेघ पुढे ओढायची. "नीटनेटकी मुलगी दिसते," डॉक्टर म्हणाले, आणि मी खूश झाले. आज वाटतं, त्यांना न जुळणारं एक हाड हवं होतं आणि ते आमच्या घरात सापडलं. असं म्हणणं अन्याय असेल. पण तो माणूस प्रत्येक वेळी तुझ्या आधी वहीकडे बघायचा.

गोळ्या कशाच्या ते मला कंपाउंडरने सांगितलं. पंधरा दिवसांनी बाटली भरून आणायला मी खिडकीशी उभी होते. "रायरांची पोर ना तू?" तो म्हणाला; गावात अप्पांना सगळे रायर म्हणत. "आईला सांग, नीट चावून खा म्हणावं. अख्खा मेंढा गेलाय त्यात." मला वाटलं थट्टा करतो आहे. मग त्याने गळ्यावर बोट फिरवून दाखवलं. "इथली गाठ. वाळवतात, कुटतात. अय्यो, तोंड बघ पोरीचं! अगं, निम्म्या बाटल्यांत नुसती दुधाची साखर असते. तुझा नंबर अकरा ना? अकरात काय आहे ते चिदंबराचं रहस्य, देवालाच ठाऊक. जा, बूच घट्ट लाव." घरी येईपर्यंत मी बाटली परकराच्या ओच्यात नाही, हातात, अंगापासून लांब धरून आणली. अकरात साखर असेल तर तुझा पाय जुळणार नव्हता. मेंढा असेल तर जुळला असता, आणि तू कोण राहिली असतीस ते मला ठाऊक नव्हतं. मी एकाच वेळी दोन्ही मागत होते. अप्पांना हे माहीत होतं का? मी त्यांना कधी विचारलं नाही. सही करताना त्यांनी डॉक्टरांना हळूच सांगितलेलं मात्र मी ऐकलं होतं: "तिच्याशी फार बोलू नका औषधाबद्दल."

आणि तुला माहीत होतं का? माझा सगळा संशय शेवटी इथे येऊन थांबतो. प्लास्टर असतानाही तू रोज संध्याकाळी अप्पांच्या खांद्यावर भार टाकून देवघरापर्यंत यायचीस, आत भिंतीला टेकून बसायचीस. बाटली हुंगलीस त्या संध्याकाळी तू उंबऱ्याशी थांबलीस. "मी इथेंच बसतें," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी आपलं ताट, फुलपात्र वेगळं काढलंस. "आजारी माणसाचें वेगळें असावें." काकू, अप्पांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणाली, "अक्का, बसून पुऱ्या लाटा की. आत या, मी पाट देते." "गुडघा वळत नाहीं." "मग आम्हाला हुकूम तरी करा आत बसून! तेवढा तर गुडघ्याशिवाय होतो!" सगळे हसले, तूही हसलीस. मी तुझ्या गुडघ्याकडे बघत होते. मोडली होती ती नडगी. मी रोज सकाळी तुला गोळी देताना तोंड उघडून जीभ उचलायला लावायचे, औषध गिळलंस का ते बघायला. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तू लहान मुलीसारखी जीभ उचलून दाखवायचीस. एकदाही गोळी थुंकली नाहीस. काही माहीत नसलेली बाई इतक्या मुकाट्याने तपासू देते का स्वतःला?

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. त्या वर्षाच्या अखेरीस तुझा पाय जुळला. आवाज मोकळा झाला, शाल पेटीत गेली. तू बाजारात चालत गेलीस, पट्टीश्वरमच्या देवळाला चालत जायचा हट्ट धरलास आणि अर्ध्या वाटेवरून बैलगाडीत बसलीस. देवघराचा उंबरा सोडून सगळीकडे गेलीस. नैवेद्य काकू करू लागली. तू बाहेरून सांगायचीस, मीठ किती, गूळ किती, आणि हात पाठीमागे बांधून उभी असायचीस. वीस वर्षं, तू गेलीस तोवर. कुणी विचारलं तर गुडघा. मी पुण्याला मराठी शिकायला गेले, तिथे माझं बोलणं ऐकून मुली म्हणाल्या की ही जुन्या कागदांतून उठून आली आहे. सुट्टीत परत आले की तू उंबऱ्याच्या अलीकडे, आणि मी काही न बोलता आत जाऊन नमस्कार करत होते. पन्नाशीनंतर माझीही ग्रंथी मंदावली. माझी गोळी कारखान्यात होते, तिच्यात कुठलाही प्राणी नाही. हे मी औषधाच्या दुकानदाराला तीनदा विचारून घेतलं, तो वैतागला.

आता जे तुला माहीत नाही ते. दोन महिने संपले त्या दिवशी डॉक्टरांनी अप्पांना आणि मला व्हरांड्यात बोलावलं. पाकीट फोडलेलं होतं. "अकरा नंबर, दुधाची साखर," ते म्हणाले, आणि वहीतल्या दोन महिन्यांच्या सरळ रेषेवर बोट ठेवलं. "पाहिलंत? अजिबात हललेली नाही." त्यांना आनंद झाला होता. तो लपवायचा प्रयत्न त्यांनी केला असेल. मग त्यांनी दुसरी बाटली दिली, बाहेरून तशीच. यात खरं औषध, उद्यापासून. अप्पा रस्त्यात म्हणाले, "घरी काही बोलू नकोस. एवढं घेतलं, तसंच पुढे घेईल." म्हणजे दीड महिना तू उंबऱ्याबाहेर बसलीस ती साखरेसाठी. तुझ्या पोटात काहीच गेलं नव्हतं. त्या संध्याकाळी आत आरती चालू होती, तू दारातून टाळ्या वाजवत होतीस, आणि मी तुझ्या शेजारी येऊन बसले. तुला एवढंच सांगायचं होतं: आजवर तू आत बसू शकत होतीस, उद्यापासूनचं तू ठरव. तू विचारलंस, "काय म्हणाले दवाखान्यांत?" मी म्हटलं, "औषध चालू ठेवा म्हणाले." "आणि पाय?" "जुळेल." तू माझ्या केसांतून हात फिरवलास. मग तो हात लगेच काढून घेतलास, कारण मी आरतीच्या ताटाला हात लावणार होते.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुझ्या पायासाठी गप्प बसले. तू नाही म्हणाली असतीस, काठी घेऊन बसली असतीस. हे खरं आहे, पण पुरतं खरं नाही. मिठाची थाप उघडी पडेल ही भीती होती. आणि तिच्याखाली आणखी एक गोष्ट, ती मी अजून कुणाजवळ बोललेले नाही. मला वहीतली ती रेघ वर गेलेली बघायची होती. डॉक्टरांसारखीच. तुला कळत होतं की नव्हतं याचा मी जन्मभर शोध घेतला, कारण तो शोध चालू असेपर्यंत माझ्याबद्दल कुणी विचारत नाही. तुला मराठी बोलता यायचं, वाचता यायचं नाही. घरात सगळे तमिळमध्येच लिहीत. मीही लिहू शकते. तरी हे पत्र मी तुला न वाचता येणाऱ्या लिपीत लिहिते आहे, आणि ते मुद्दामच, असा मला संशय आहे. ते मी कुणाला दाखवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधी मी तुझं तापमान घेतलं. शहाण्णवच्या थोडं खाली होतं. नव्या बाटलीतली गोळी तुझ्या तळहातावर ठेवली. तू ती पाण्याबरोबर गिळलीस, न सांगता जीभ उचलून दाखवलीस आणि मला म्हणालीस, वेणी नीट घाल, शाळेला उशीर होईल. मी वेळ लिहिली आणि वही मिटली.