एक डोळा काढा, दुसरा उलटवा

६ जून १९९९, रविवार
आजपासून रोजनिशी. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.
रोह्याला आदेशच्या कॉम्प्युटर क्लासात इंटरनेट आलंय. सकाळच्या पॅसेंजरने गेलो. चॅटवर नाव घेतलं, आर्टगुरू. कॅनडाचा ‘जो’ नावाचा एकजण भेटला. तो कॉम्प्युटरवर चित्रं काढतो आणि जुने व्हिडिओ गेम जमवतो. मी म्हटलं, माझा पेणला स्टुडिओ आहे. यात खोटं काही नाही. दत्ताकाकांचा गणपतीचा कारखाना म्हणजे स्टुडिओच, आणि काकांनंतर तो माझाच. त्यांचा हात आता थरथरतो. विक्रीच्या मूर्तींचे डोळे गेली काही वर्षं मीच आखतो. घरच्या गणपतीचे तेवढे काका काढतात. ते काम ज्याला सोपवतील, कारखाना त्याचा, अशी आमच्याकडची रीत. यंदा मलाच सोपवणार. जगजाहीर आहे.

१३ जून
संकल्प: रोज एक डिजिटल चित्र.
जोबरोबर जुन्या गेमबद्दल तासभर बोललो. त्याच्याकडे कॅसेटवाले गेम कपाटभर आहेत. मी म्हटलं, माझ्याकडेही आहेत. (आतेभावाकडे एक होता. रणगाड्यांचा. मला खेळू देत नसे.)

१४ जून
चित्र नाही. वीज नव्हती.

१५ जून
वीज होती. मूड नव्हता. तसा घरी कॉम्प्युटरही नाही.

२० जून
आदेशकडे पेंटमध्ये गणपती काढला. सोंड बरी आली. डोळे बटाट्यासारखे झाले. माऊसच्या बॉलमध्ये कचरा असतो, त्यात कलाकाराचा दोष नाही. आदेश मागे उभा राहून बघत होता. म्हणाला, "छान हाय उंदीर." अडाणी माणूस.

४ जुलै
जोला चित्र पाठवलं. सोबत गेल्या वर्षीच्या एका मूर्तीचा फोटोही स्कॅन करून, उगाच. चित्राबद्दल काही बोलला नाही. फोटोतले डोळे कोणी काढले, हे मात्र तीनदा विचारलं. मी म्हटलं, ते जुनं काम, हाताचं. आता मी त्याच्या पुढे गेलोय. मग त्याने विषय बदलला. भारावला असणार.

११ जुलै
कारखान्यात कामाचा ढीग. काका म्हणाले, "दिना, ऐन सीझनला दर रविवारी रोह्याला काय हाय रं?" मी म्हटलं, मार्केटिंग. चुलतबहीण मृणाली हसली. ती दागिन्यांना सोनेरी रंग लावते. तिला या गोष्टी कळायच्या नाहीत.
जोने आज युक्ती सांगितली. चेहरा काढताना एकच डोळा काढायचा. त्याची कॉपी करायची, उलटवायची, दुसऱ्या बाजूला चिकटवायची. अर्धी मेहनत. मी सुन्न झालो. आमच्या तीन पिढ्या दोन-दोन डोळे काढत बसल्या!

१८ जुलै
क्रांती. आदेशकडे डोळ्याची प्रिंट काढली. घरी रंभाकाकीच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे होता, त्याचा छाप कापला. सुलटा ठेवला की डावा डोळा, उलटा ठेवला की उजवा. काकी एक्स-रे शोधत होती.

१ ऑगस्ट
काकांची पद्धत: मूर्ती उंच पाटावर, आपण खाली जमिनीवर बसायचं आणि वर बघत डोळे आखायचे. पाठ मोडते. आता मूर्ती टेबलावर रांगेत, कॉम्प्युटरसारख्या अगदी डोळ्यांसमोर. छाप लावला, रंग मारला, पुढची. आठवड्याचं काम दोन दिवसांत. काका धाटावला मोठ्या मूर्तीच्या कामात आहेत. परत आले की थक्क होतील.
मृणाली म्हणाली, "दादा, एकदा खाली बसून बघ ना." मी म्हटलं, जुने विचार सोड.

२९ ऑगस्ट
रोह्याला जाता आलं नाही. ठमाबाई मूर्ती बघायला आल्या. खाडीकडच्या गावच्या, मिठागरावर कामाला. दर वर्षीचं गिऱ्हाईक. मूर्ती पाटावर ठेवून दाखवली. त्या रिवाजाप्रमाणे खाली मांडी घालून बसल्या, हात जोडले. मग इकडे सरकल्या, तिकडे सरकल्या. मृणालीला म्हणाल्या, "काय गो, यंदा देव रागावलाय काय माज्यावर? बघत नाय माज्याकडं."
काकाही परत आले होते. तेही जमिनीवर बसले. शेवटी मीही बसलो. रांगेतल्या सगळ्या मूर्ती आमच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे बघत होत्या. एकही खाली बघत नव्हती.
ठमाबाई घाबरल्या होत्या. घरात कोणाचं आजारपण आहे, म्हणाल्या.

३० ऑगस्ट
काका ओरडले नाहीत. माझे ब्रश स्वतः धुतले, पुसले आणि मृणालीकडे दिले. सगळे डोळे पांढऱ्या रंगाने बुजवले. मला विश्रांती दिली आहे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कदर झाली.

३१ ऑगस्ट
मृणाली खाली बसून आखते आहे. ठमाबाईंची मूर्ती आधी केली. काम हळू आहे तिचं. मी दारातून बघत होतो. सांगण्यासारख्या दोन चुका सापडतील म्हणून बघत होतो. सापडल्या नाहीत.

५ सप्टेंबर
रोहा. जोला सगळं खरं सांगितलं. स्टुडिओ काकांचा आहे, माझ्याकडे गेम नाही, माझ्याकडून मूर्ती बिघडल्या, वगैरे. पहिल्यांदाच एवढं लांब इंग्रजी लिहिलं. जोने लिहिलं, दोन मिनिटांत आलो. आला नाही. आदेशने दुपारी जेवायला शटर ओढलं. पुढच्या गाडीपर्यंत स्टेशनवर बसलो.
संकल्प: सध्या नाही.

१३ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
घरच्या गणपतीचे डोळे काल मृणालीने काढले. काकांनी सगळ्यांसमोर तिला बोलावलं. मी तिथेच होतो, दिवा धरून. उजेड नीट पडावा म्हणून हात जरासुद्धा हलवला नाही.
आरतीनंतर ताटं मांडली. वाईट वाटेल अशी तयारी ठेवली होती. वाटलं नाही. मोदक खाल्ले, चवही लागली नाही. काका शेजारी येऊन बसले. म्हणाले, पुढच्या सीझनला तू पॅकिंग बघ, पेंढा नीट भरणारा माणूस लागतो. मी हो म्हटलं. मग आत जाऊन मृणालीला म्हटलं, डोळे चांगले झालेत. ती रडायला लागली. मी वाढायला गेलो.