राणीला मारलेले दोन फटके

मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

आज मी राणीला चाबूक मारला. नऊ वर्षं टांगा ओढतेय, कधी हात उगारला नव्हता. स्टेशनकडं जाताना ती मध्येच थांबली. मागं बसलेलं पावणं ओरडलं, "हाण की! रेल्वे चुकंल माझी!" मी हाणलं. दोन फटके. ती लंगडत का होईना, पोचली.

घरी बायकोनं तिचा पाय उचलला. कालच मारलेल्या नालेचा खिळा आत मांसात घुसला होता.

"पाय बघायचा सोडून चाबूक कसला उचललासा?"

काय सांगणार? पावण्याचं नाव? हात तर माझाच होता. दोन फटके.

खिळा काढून जखम धुतली, औषध लावलं. दाणा घेऊन गेलो, तर तिनं रोजच्यासारखी मान माझ्या खांद्यावर टेकवली. चावली असती तर बरं वाटलं असतं.