झोपेची गोष्ट आणि खालील प्रश्न

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तितकाच वाकलोय असं समज). तुझे गुडघे बरे असतील, भावोजींचा खोकला उतरला असेल आणि तू निवृत्त झाल्यापासून शाळा कशीबशी का होईना चालू असेल, अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. म्हणजे जागे आहोत.

माझी अडचण तुला ठाऊकच आहे. तुझ्या भावजयीची दवाखान्यातली ड्यूटी संध्याकाळची, आणि येत्या सोमवारपासून माझीही कारखान्यात दुसरी पाळी. लेकीला झोपवायचं कुणी? शेजारच्या काकू बसायला तयार आहेत, पण गोष्ट सांगणं त्यांना जमत नाही. बटण दाबणं जमतं. म्हणून तू आपल्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून पाठवल्यास. भाचीला शांत झोप लागावी एवढाच तुझा हेतू होता, याबद्दल घरात कुणालाही शंका नाही.

सोमवारच्या आधी तालीम म्हणून पहिल्या दिवशी मी सगळं यथासांग केलं. कोमट पाण्याने हातपाय धुतले, दूध दिलं, दिवा मंद केला आणि फोन उशाशी ठेवला. तुझं अस्वल हरवलेली गोधडी शोधायला निघालं. लेकीच्या पापण्या जड झाल्या, माझ्या तर मिटल्याच होत्या. तेवढ्यात तू गोष्ट थांबवून म्हणालीस, ‘मागे कोण बोलतंय?’ (जन्मभराची सवय, रेकॉर्डिंगला मागचा बाक नसतो, हे तुला कोण सांगणार.) लेक ताडकन उठून बसली. मीही बसलो, हाताची घडी घालून. चौथी तुझ्याच वर्गात काढली आहे मी. मग गोष्ट संपली आणि तू विचारलंस, अस्वल घराबाहेर पडलं त्याची कारणं सांगा. तिने सांगितली. फोन गप्प. उत्तर चुकलं असं वाटून तिने आणखी सांगितली. यात अस्वलाच्या आईचं कसं चुकलं, इथवर ती पोचली तेव्हा तिची स्वतःची आई ड्यूटी संपवून दारात उभी होती.

दुसऱ्या गोष्टीच्या ऐन मध्यावर तिला सू लागली. तिने करंगळी वर केली आणि वाट बघत राहिली. मी म्हटलं, अगं जा. तर म्हणते, ‘बाबा, आत्याने हो म्हटलेलं नाही.’ गादी अजून गच्चीवर वाळते आहे.

त्यात भावोजी. अस्वल नदीत पाय टाकतं, नेमके तेव्हाच ते मागून ‘माझा चष्मा कुठे गेला?’ असं विचारतात, आणि तू उत्तर न देता पुढे वाचत राहतेस. तेव्हापासून लेकीला अस्वलाचं सोयरसुतक राहिलेलं नाही. चष्मा सापडला का, आत्या बोलली का नाही, त्यांचं भांडण झालंय का, हेच चालू. (भांडणाबद्दल मी काही बोललो नाही. बोलता आलं असतं.)

ही तक्रार समजू नकोस. गोष्टी गुणकारी आहेत. प्रश्न येईपर्यंत मला गाढ झोप लागते. एकदा मी प्रश्न कापून बघितले, तर ती म्हणाली, ‘आत्या विचारल्याशिवाय जाणारच नाही, तू काहीतरी केलंयस.’ शेवटी नाद सोडला आणि विकतच्या गोष्टी आणल्या. त्या सांगणाऱ्या बाईंचा आवाज असा मधाळ, की मुंग्या लागाव्यात. कुठे थांबणं नाही, दरडावणं नाही. लेकीने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली आणि अगदी शांतपणे म्हणाली, ‘या बाईंना आपलं काही पडलेलंच नाही.’ मला फार वाईट वाटलं गं, कारण तिचं खरं होतं.

भावोजींना नमस्कार.

तुझा (चौथीपासून) आज्ञाधारक
धाकटा भाऊ

ता. क. एवढं लांबण लावलं ते यासाठी, की माझी पाळी बदलेपर्यंत तू इकडे येऊन राहशील का? रेकॉर्डिंग नको. तूच ये.

आणखी एक. भावोजींना फोनवर आधीच विचारलं आहे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणाले आणि माळ्यावरून तुझी बॅग काढायला गेले. त्यांच्यावर रागावू नकोस.

अगदी शेवटचं. आत्या येणार, असं मी आजच लेकीला सांगून टाकलं. तिने विचारलं, ‘खरी?’ मी हो म्हटलं. तिने कूस बदलली आणि कसलीही गोष्ट न ऐकता झोपली. तेव्हा नाही म्हणायचं असेल, तर सकाळी फोन करून तिला तूच सांग. मला जमायचं नाही.