लोणच्याच्या बरणीतली कळलावी

गारखेडा, औरंगाबाद
एप्रिल २०१६

प्रिय ताई,

गुडघे कुरकुरतात, म्हणून साष्टांगाऐवजी हा लेखी नमस्कार.

आधी फिर्याद ऐक. तुझं लोणचं संपताच माझ्या सहकारी हिमानीबाईंनी बरणी उकळून प्रयोगशाळेत पळवली आणि तीत कळलावीची रोपं वाढवली. हे माझं भ्रातृधन आहे, असा निषेध मी नोंदवला. हसल्या.

आता रागाचं. ही औषधी वेल इथल्या टेकडीवरून नाहीशी होत आली, म्हणून आम्ही तिच्या तुकड्यांपासून काचेत रोपं केली. बाहेर काढल्यावर त्यांना ओलाव्यात झाकून हळूहळू हवेची सवय लावावी लागते. आमच्या साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला ती भर उन्हात उघडी मांडली! फोटो निघेपर्यंत सगळ्या रोपांनी माना टाकल्या. वर म्हणतात, "झाडंच ना शेवटी? पाणी मारा." अख्खा गारखेडा टँकरची वाट बघतोय! मी जे बोललो ते संस्कृतात नव्हतं.

तुझी बरणी तेवढी वाचली. पाहुण्यांपुढं शोभत नव्हती ना!

भाऊजींचा खोकला थांबला का? मी वेळेवर जेवतो.

खरं सांगू? त्या टेकडीवर आता प्लॉट पडलेत. बरणीतली रोपं जगली, तर ती लावायची कुठं, याचीच मला भीती वाटते.

तुझा,
मधुसूदन